मुरूडचं घर आणि सहा सह्या

गेल्या महिन्यात इथे बोलताना मी सहज म्हणून गेले की आम्ही मुरूडला घर घेऊन राहायला आलो, आणि त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं, कसं घेतलं, किती त्रास झाला, आम्हालाही घ्यायचंय. म्हणून आज तेच सांगते. आधीच सांगते, मी वकील नाही. शाळेत शिकवत होते. जे सोसलं आणि त्यातून जे कळलं, तेवढंच सांगणार आहे.

आपलं मुरूड ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं. दापोलीहून घाट उतरून आलं की नारळी-पोफळीत बुडालेलं हे गाव. मधून रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, घरामागे लांबट वाडी, आणि पश्चिमेकडच्या वाड्या थेट पुळणीला भिडलेल्या. दुर्गादेवीचं देऊळ, आणि धोंडो केशव कर्व्यांचं गाव ही ओळख. याच गावाने १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांना वाळीत टाकलं होतं, हेही विसरायचं कारण नाही.

या गावात चालत गेलात तर दर चार घरांमागे एका घराला कुलूप दिसतं. गणपतीत उघडतं, मे महिन्यात उघडतं, एरवी ओटीवर पालापाचोळा. परदेशातही हीच गत. इटलीत सिसिली बेटावरच्या सांबुका गावाने २०१९ मध्ये ओस पडलेली घरं एका युरोपासून विकायला काढली, अट अशी की घेणाऱ्याने तीन वर्षांत दुरुस्त करायचं. स्पेनच्या डोंगरातल्या गावांतूनही अशी कुलूपबंद घरं आहेत, आणि वारस शहरोशहरी पांगलेले. घर रिकामं दिसतं, पण ते कुणाचं नसतं असं नाही. उलट फार जणांचं असतं. खरी गोम तिथेच आहे.

आम्हाला २०१४ मध्ये एक घर आवडलं. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी, मागे ११ गुंठ्यांची वाडी, विहीर. मध्यस्थ म्हणाला, तीन भाऊ आहेत, तिघेही तयार आहेत, विसार द्या. आम्ही द्यायला निघालोच होतो. दापोलीच्या वकीलबाईंनी हात धरला. म्हणाल्या, आधी सात-बारा आणा, त्यावरचे सगळे फेरफार आणा, मग पैशाचं बघू.

मैत्रिणींनो, सात-बारा म्हणजे दोन नमुने. सात नंबरवर जमीन कुणाची, बारावर पीक काय. पण वाचायची जागा आहे ‘इतर हक्क’ हा रकाना. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, दुसऱ्याची विहिरीवरची किंवा वाटेची वहिवाट, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ तेही बघायचं. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा कुणी मालकीचा पुरावा म्हणून पुढे केला तर हसून परत द्या. तो कर कुणी भरायचा त्याचा कागद आहे. समुद्राजवळची वाडी असेल तर किनारा नियमनाचं बंधनही बघा. भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर काय बांधता येतं, हे ठरलेलं असतं. जुनं घर दुरुस्त करणं वेगळं आणि वाडीत चार खोल्या काढणं वेगळं.

तर आमच्या सात-बारावर तीन नावं नव्हती, सहा होती. दोन भाऊ, वारलेल्या तिसऱ्या भावाची बायको आणि तिचा मुलगा, आणि दोन बहिणी. मध्यस्थाला विचारलं तर म्हणतो, “वहिनी, बहिणींचं काय एवढं? लग्न होऊन चाळीस वर्षं झाली. त्यांचं हक्कसोडपत्र घेऊन टाकू.” घेऊन टाकू! जसं कोपऱ्यावरून कोथिंबीर घ्यायची.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल. माझं माहेर संगमेश्वराकडचं. वडील गेल्यावर भाऊबिजेला दादाने ओवाळणीत साडी दिली, आणि चार दिवसांनी रजिस्टर ऑफिसात नेलं. मी सही केली. वाचलंही नाही. माहेर तुटायला नको, हाच विचार. मी पोरांना व्याकरणातल्या एकेका कान्यामात्रेसाठी उभं करणारी बाई, आणि तो कागद वाचला नाही. दादाला मी आजही दोष देत नाही. पण ते माझ्या गळ्याशी कसं आलं ते ऐका. घराच्या पैशात निम्म्याहून जास्त माझा प्रॉव्हिडंट फंड होता. घराखालची जागा बिनशेती, ती दोघांच्या नावावर होणार होती. वाडी मात्र शेतजमीन, आणि १९४८ च्या कूळकायद्यानुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. माझ्याकडे माझ्या नावाचा सात-बारा मागितला. तो मी सही करून सोडलेला होता. वाडी ह्यांच्या एकट्याच्या नावावर घ्यावी लागली.

बहिणींपैकी थोरल्या मिरजेला होत्या. सत्तरी ओलांडलेल्या. वकीलबाई म्हणाल्या, तुम्ही स्वतः जाऊन भेटा. गेले. चहा दिला, आणि म्हणाल्या, “माझं माहेर विकतायत, मला कळलं ते तुमच्याकडून.” मग बराच वेळ वाडीतल्या फणसाबद्दल विचारत राहिल्या, तो कापा होता, अजून धरतो का म्हणून. सही करायला नाही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, भावांइतकेच पैसे हवेत, आणि माझ्या हातात हवेत.

भाऊ भडकले. एवढी वर्षं घरपट्टी आम्ही भरली, कौलं आम्ही चाळली. त्यातही खोटं काही नव्हतं. कोकणातलं घर दर पावसाळ्याआधी पैसा खातं. पण कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्रात १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण तो तेव्हा अविवाहित असलेल्यांपुरता. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्यांनाही मुलाइतकाच हक्क आला. आणि त्या वेळी वडील हयात असायला हवेत ही शंकाही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला दूर केली. आमचा व्यवहार त्याआधीचा. पण बाईंची नावं सात-बारावर लागलेली होती, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

आठ महिने गेले. ह्यांना तर दुसरं घर बघावंसं वाटू लागलं होतं. खरं सांगते, मलाही मधे एकदा वाटलं, काय ही म्हातारी, करून टाक ना सही. मग माझं मलाच कसंतरी झालं. शेवटी २०१५ च्या मार्चमध्ये खरेदीखत झालं. प्रत्येकाचा डिमांड ड्राफ्ट वेगळा, प्रत्येकाची रक्कम खतात लिहिलेली. तुम्ही घ्याल तेव्हा असंच करा. एकाच्या हाती सगळे पैसे आणि बाकीच्यांचं कुलमुखत्यारपत्र, या भानगडीत पडू नका. रजिस्ट्रेशननंतर फेरफार नोंद मंजूर होईपर्यंत पाठ सोडायची नाही. तलाठी हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस असतात.

आणि ज्यांची नावं राहिली आहेत अशा बायकांसाठी एक गोष्ट. १९९२ पासून सरकारची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सात-बारावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. ह्यांनी २०१८ मध्ये अर्ज केला, माझं नाव लागलं. नवऱ्याने स्वतः करायचा असतो हा अर्ज, तेवढी एक मेख आहे.

त्या नावाचा उपयोग मला दोन वर्षांत कळला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं घेते, त्यामुळे एका दुपारीत किती वर्षं गेली ते तुम्हीच मोजा. मदत मिळायची वेळ आली तेव्हा आजूबाजूच्या सामायिक वाड्यांना मुंबई-पुण्याच्या हिस्सेदारांची संमतीपत्रं गोळा करत फिरावं लागलं. ह्यांना त्या दिवसांत ताप होता. पंचनाम्याला मीच उभी राहिले, आणि तुमचा संबंध काय हे कुणी विचारलं नाही.

थोरल्या बाई त्यानंतर एकदाच आल्या, चैत्रात, देवीच्या उत्सवाला. माजघरात जरा बसल्या, मग काठी टेकत मागे गेल्या. फणस वादळात वाचला होता. मी एक फणस रिक्षात ठेवायला लावला. “कापाच आहे हो,” त्या जाताना म्हणाल्या, “बरका असता तर मी नेला नसता.”