सरांनी पाडलेल्या बॅचेस



डिप्लोमाला गेलो तेव्हा आम्ही पाणीगेटची मराठी मुले डबाही वेगळा खात असू. वर्कशॉपच्या सरांनी रोल नंबरने बॅचेस पाडल्या. एकाच जॉबवर मराठी, गुजराती, मुसलमान हात आले. सरांनी त्यावर कधी भाषण दिले नाही.

केळुसकर गुरुजींनी तरुण आंबेडकरांना सयाजीराव महाराजांपर्यंत नेले, शिष्यवृत्ती मिळाली. तेच आंबेडकर शिकून १९१७ साली बडोद्यास नोकरीला आले, तर जात कळताच त्यांना राहती जागा सोडावी लागली. शिक्षकाने उघडलेले दार शेजाऱ्यांनी लावले.

आजही खोली भाड्याने देताना आम्ही आधी आडनाव विचारतो. तेव्हा सर आठवतात आणि मान खाली जाते. यंदा आरतीला जुनी बॅच बोलावली आहे. सगळी!

गणपती बाप्पा मोरया!