पिच्चर कोणाच्या हातात?



रिसोडच्या या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी सिनेमावर लिहिणाऱ्या माणसाला बसवण्याचं धाडस आयोजकांनी केलं, याबद्दल कवींनी त्यांच्यावर रागावू नये. राग माझ्यावर काढावा, आणि तोही जेवणानंतर.

मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. चित्रपट कशावर पाहिला, यानं चित्रपट बदलतो का? याचं तयार उत्तर आपल्या सगळ्यांकडे आहे: मोठा पडदा चांगला, मोबाइल वाईट. आकारानं फरक पडतो हे खरंच. लोणारचं विवर काठावर उभं राहून पाहणं आणि फोटोत पाहणं यातलं अंतर रिसोडकरांना अध्यक्षानं सांगावं, अशी वेळ अजून आलेली नाही. पण आकार हा मला या प्रश्नातला सोपा भाग वाटतो. पाहण्याचं साधन बदललं की सगळ्यात आधी बदलतो तो वेळेवरचा ताबा. चित्र किती वेगानं सरकणार, कुठे थांबणार, कुठे तुटणार, हे कोण ठरवतं? सिनेमा सुरू झाल्यापासूनची भांडणं मला या एका ताब्याभोवती फिरताना दिसतात.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करू. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. चार रिळं, लांबी सुमारे ३७०० फूट. पुष्कळ ठिकाणी हा चित्रपट चाळीस मिनिटांचा असल्याचं छापलेलं असतं. आता थोडं गणित करा. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे बोलपटाच्या वेगानं ही फिल्म चालवली तर एकेचाळीस मिनिटं लागतात. पण मूकपटाच्या काळात हा वेग सर्रास सोळाच्या आसपास असायचा. त्या वेगानं तीच फिल्म तासाभराहून थोडी जास्त चालते. फूट तेवढेच, पण एका वेगात राजा घाईघाईनं राज्य सोडतो आणि दुसऱ्या वेगात त्याला दुःख करायला सवड मिळते. त्या काळी प्रोजेक्टरचा दांडा हातानं फिरवत. हात थकला की दृश्य लांबे, घरी जायची घाई असली की आखडे. म्हणजे भारतीय सिनेमाच्या पहिल्या दिवसापासून दिग्दर्शकाच्या हातातला वेळ काही अंशी ऑपरेटरच्या हातात होता.

बोलपट आला आणि ही मोकळीक संपली. वेग बदलला तर आवाज चिरका होतो किंवा घोगरा, म्हणून वेग चोवीसवर बांधला गेला. निदान कागदावर.

कागदावर म्हणतो, कारण आपल्या भागात चित्रपट कसा पोचत असे ते आठवा. सिनेमाच्या धंद्यात वऱ्हाड हे ‘सीपी-बेरार’ सर्किटमध्ये मोडतं. तो प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, पण वितरकांच्या वहीत आजही आहे. रिसोडची शीव ओलांडून सेनगावकडे गेलात की मराठवाडा, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘निजाम’ सर्किट. निजामाचं राज्य जाऊनही जमाना झाला. म्हणजे शेजारच्या दोन तालुक्यांत एकच चित्रपट दोन वेगळ्या वितरकांच्या मर्जीनं येणार. मुंबईत लागलेल्या चित्रपटाची प्रत मोठ्या शहरांतून झिजत झिजत तालुक्याला पोचायची, तोवर तिच्यावर पावसासारख्या उभ्या रेघा पडलेल्या असायच्या. रीळ तुटलं की जोडताना काही चौकटी कापाव्या लागतात, आणि दर तुटण्यागणिक चित्रपट थोडा थोडा आखडत जातो. एखादा संवाद निम्म्यातून सुरू झाला की खालून आरोळी यायची, ‘पिच्चर कापला!’ आरोळी ठोकणाऱ्याचं चुकत नव्हतं. चित्रपट खरंच कापलेला असायचा.

जत्रेतल्या तंबूत तर ही गोष्ट कळसाला गेली. दिवसा उजेड कापडातून आत येतो, म्हणून खेळ रात्रीच. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, दोन हजार फुटांचं बावीस. प्रोजेक्टर एकच असेल तर प्रत्येक रिळाला मध्यंतर. तेवढ्यात शेंगदाणे, भांडणं आणि हरवलेल्या पोरांच्या लाउडस्पीकरवरच्या घोषणा. गाण्याला वन्समोअर मिळाला की रीळ मागे, आणि पहाट जवळ आली की शेवटच्या खेळातलं एखादं गाणं गुपचूप गायब. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात गंजलेली यंत्रं आहेत, न उघडणारे दरवाजे आहेत आणि रिळांच्या जागी डिजिटल आल्यावरचा गोंधळही आहे. ‘माहेरची साडी’सारखा चित्रपट याच तंबूंमध्ये गावोगाव रडवत फिरला. घरी कुणासमोर रडायची सोय नसलेल्या बायका तिथे शेकड्यांनी एकत्र रडल्या. त्यांना समीक्षेत जागा मिळाली नाही. मिळाली ती ‘रडका सिनेमा’ या शेऱ्याला.

आता पडद्याच्या रुंदीकडे वळतो, कारण इथेही शहर आणि तालुका यांनी एकच चित्रपट पाहिला असं म्हणणं धाडसाचं आहे. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला. त्याचं चित्रीकरण ३५ मिलिमीटरवर होतं, पण मोठ्या शहरांसाठी ७० मिलिमीटरच्या प्रती काढल्या आणि आवाज वेगवेगळ्या कर्ण्यांतून येईल अशी सोय केली. मुंबईच्या मिनर्व्हात फेकलेल्या नाण्याचा आवाज प्रेक्षागृहात एका बाजूनं दुसरीकडे जायचा. छोट्या गावांत ३५ मिलिमीटरची प्रत आणि पडद्यामागे एकच कर्णा, त्यामुळे नाणं जागच्या जागी पडायचं. तरी संवाद पाठ झाले ते दोन्हीकडे. शेवटाची गोष्ट तर आणखी मजेची. सेन्सॉरपायी ठाकूरला गब्बर पोलिसांच्या हवाली करावा लागला, पण मूळ शेवट, ज्यात ठाकूर त्याला मारतो, पुढे व्हिडिओवर फिरत राहिला. म्हणजे लहान पडद्यावर मोठ्या पडद्यापेक्षा पूर्ण चित्रपट! २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात, उघड्या चौकात, तो मूळ शेवटासह पुन्हा मोठ्या पडद्यावर आला. साधनांची उतरंड लावणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

उलट उदाहरण ‘कागज के फूल’चं. १९५९ सालचा, सिनेमास्कोपमधला आपला पहिला चित्रपट. गुरुदत्त आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी त्या रुंद चौकटीत रिकामी जागा वापरली: एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला माणूस आणि मधे स्टुडिओतला अंधार. जुना टीव्ही चार बाय तीनचा. त्यात हे चित्र पूर्ण उंचीनं भरायचं तर बाजूचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापावा लागतो. मग एक तर दोघांतला एक गायब, नाही तर दोघंही अर्धे. आणि मधलं अंतर, ज्यासाठी सगळा खटाटोप केला, ते दिसतच नाही. या दिग्दर्शकावर अरुण खोपकरांनी मराठीत जे बारकाईनं लिहिलं ते वाचा, आणि मग टीव्हीवर कापलेली प्रत पाहा. पुस्तकातला चित्रपट कुठे गेला असं वाटेल.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. टीव्हीनं आणखी एक गंमत केली, जी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडची टीव्ही पद्धत सेकंदाला पंचवीस चौकटींची. चोवीसचा चित्रपट त्यावर चालवला की तो चार टक्के जलद धावतो. दीडशे मिनिटांचा चित्रपट एकशे चव्वेचाळीस मिनिटांत आटोपतो आणि गाण्याचा सूर किंचित चढतो. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली गाणी पेटीवर बसवायला गेलेल्यांची पट्टी का जुळेना, त्याचं एक कारण हे असू शकतं. जाहिरातींचं काय बोलावं? त्या आल्या आणि तंबूतलं रिळागणिक मध्यंतर घरात आलं, फक्त शेंगदाणे स्वतःचे.

आणि आता अंगठा. २०२० साली नेटफ्लिक्सनं अँड्रॉइड फोनवर चित्रपट दीडपट वेगानं पाहायची सोय दिली. चाचणी सुरू असतानाच हॉलिवूडच्या दिग्दर्शकांनी आरडाओरडा केला होता. मला फाळक्यांच्या काळचा दांडा आठवला. फरक इतकाच, की तो एका ऑपरेटरच्या हातात होता आणि सगळं प्रेक्षागृह एकाच वेगाला बांधलेलं होतं.

आपल्याच तीन चित्रपटांवर हा अंगठा लावून पाहू. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये शेवटाकडे न्यायालय रिकामं होतं, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा राहतो. बराच वेळ. थिएटरात लोक उठू लागतात, मग चित्रपट पुढे सुरू होतो आणि न्यायाधीश सुटीवर गेलेले दिसतात. संपलं असं वाटूनही न संपणं, हीच त्या खटल्याची जात आहे, आणि दिग्दर्शक ती आपल्याला खुर्चीत बसवून सोसायला लावतो. फोनवर तो काळोख दिसला की अंगठा आपोआप पुढे सरकतो. नागराज मंजुळेंच्या ‘फॅन्ड्री’त शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. फोन उभा धरला असेल तर रुंद चित्र स्क्रीनचा चौथा हिस्साही व्यापत नाही. तेवढ्या पट्टीतून येणारा दगड कितीसा लागणार? आणि ‘सैराट’. मूल घरात परततं आणि आवाज काढून घेतला जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात भरलेल्या थिएटरात ती शांतता पाचशे माणसं मिळून धरत होती. तोवर गाण्यांवर नाचलेली तीच माणसं. फोनवर त्या क्षणी आपण काय करतो? इअरफोन निघाला का ते पाहतो.

पण मी इथे थांबलो तर पुण्या-मुंबईच्या परिसंवादात होतं तेच भाषण होईल, आणि ते मला करायचं नाही. थिएटर सगळ्यांचं होतं, हे अर्धसत्य आहे. रात्रीच्या खेळाला तालुक्याच्या गावातली तरुण मुलगी एकटी कधी गेली? ‘पाथेर पांचाली’ किंवा किआरोस्तामीचा चित्रपट इकडच्या सर्किटमध्ये कोणत्या वितरकानं आणला? जगातला चांगला सिनेमा पाहायचा तर पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या रसास्वाद शिबिरात जागा मिळवावी लागे, किंवा मोठ्या शहरातल्या फिल्म सोसायटीचं सभासदत्व. भर जहागीर किंवा रिठदच्या शाळेतली पोर आज ते सगळं फोनवर पाहू शकते, चार वेळा मागे घेऊन पाहू शकते. कवितेची ओळ आपण पुन्हा वाचतो, तसं दृश्य पुन्हा पाहण्याची मुभा सामान्य प्रेक्षकाला अंगठ्यानंच दिली. अभ्यास करणाऱ्यासाठी हे वरदान आहे, आणि ते नाकारणाऱ्यांनी बहुधा स्वतः थिएटरच्या पासावर चित्रपट पाहिलेले असतात.

म्हणून लिहिणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. मराठी समीक्षा चित्रपट जणू हवेत तरंगत असल्यासारखी लिहिली जाते. कथा, अभिनय, छायालेखन, संगीत, तारे. समीक्षकानं तो पत्रकारांसाठीच्या खास खेळाला पाहिला, भरल्या थिएटरात, की प्रवासात फोनवर तीन हप्त्यांत, याचा पत्ताच नाही. पुस्तकाच्या परीक्षणात आपण आवृत्ती नोंदवतो. चित्रपटाच्या परीक्षणातही एक वाक्य असावं: कुठे पाहिला, कशावर, कुणाबरोबर. ज्यानं ‘कोर्ट’ थांबत थांबत पाहिला त्यानं त्याला संथ म्हणू नये, कारण त्याचा वेग त्यानं स्वतः ठरवला होता.

दुसरं मागणं ग्रंथालयांकडे. १९६७ च्या कायद्यानं महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित वाचनालयं उभी राहिली. त्यांच्याकडे सभागृह असतं, खुर्च्या असतात आणि संध्याकाळी सातनंतर बहुधा कुलूप असतं. महिन्यातून एक चित्रपट तिथे दाखवा. साधा प्रोजेक्टर चालेल, पांढरी भिंत चालेल. नियम एकच: सुरू केला की कुणासाठी थांबवायचा नाही, पाहुणे उशिरा आले तरी.

सुरुवात ‘संत तुकाराम’नं करा. दामले-फत्तेलाल यांचा प्रभातचा १९३६ सालचा चित्रपट, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. आपल्या कायद्यात चित्रपटाचे हक्क साठ वर्षांनी संपतात, त्यामुळे तो दाखवायला अडचण येऊ नये. तो मुळात जवळजवळ चौरस चौकटीचा आहे. आजचे प्रोजेक्टर अशा चित्राला ताणून भिंतभर करतात आणि विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा उगाच गलेलठ्ठ दिसू लागतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन चार बाय तीन निवडा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या. कुणी तक्रार केली तर त्याला मागच्या रांगेत बसवा, अर्ध्या तासात तो त्या विसरेल. पहिल्या खेळाला मला बोलावलंत तर मी येईन, मात्र भाषण करणार नाही.