दोनशे चौदा कोटींच्या घरातील एक मूळ संख्या
(पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



सुरुवात माझ्याच चुकीने करतो. नववीच्या वर्गात मी फळ्यावर २ चा दुसरा, तिसरा, पाचवा व सातवा घात घेऊन प्रत्येकातून १ वजा केला. ३, ७, ३१, १२७ आले. साऱ्या मूळ संख्या. मग अकरावा घात घेतला, २०४७ आले, आणि पडताळा न घेताच "हीही मूळच" असे सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी एका मुलीने वही पुढे केली. २३ गुणिले ८९, बरोबर २०४७!

पुढे तिचे वडील भेटले. म्हणाले, "सर, पोरगी रात्र रात्र भागाकार करत बसते. याचा उपयोग काय?" तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही.

२३ आणि ८९ नीट पाहा. घात ११, त्याची दुप्पट २२. २२ च्या पटीत १ मिळवला की हे दोन्ही मिळतात. हा योगायोग नव्हे. घात विषम मूळ संख्या असेल, तर अशा संख्येचा प्रत्येक मूळ भाजक याच साच्यातला असतो. शिवाय त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते.

आता एकतिसावा घात घ्या. वजा १ केल्यावर येतात २,१४,७४,८३,६४७. ही मूळ आहे काय? वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंत, भागून पाहायचे. नुसत्या विषम संख्याच तेवीस हजारांवर! लेओनार्ड ऑयलरने वरील दोन अटी लावल्या. २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच उरल्या, फार तर ३७२. एकीनेही भाग जात नाही, म्हणून ती मूळ, हे त्याने १७७२ साली कळविले. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

उपयोग? खरे सांगायचे तर पुढची दोनशे वर्षे जवळपास काही नाही. पीटर बार्लो या गणितज्ञाने तर १८११ साली लिहिले की, यापुढे कोणी जाणार नाही, कारण हा निव्वळ कुतूहलाचा विषय आहे. १८७६ मध्ये ल्युकाने १२७ व्या घाताची संख्या मूळ ठरवून त्याला खोटे पाडले. आणि १९६९ साली संगणकावर फाशासारख्या अनपेक्षित वाटणाऱ्या संख्या काढण्यासाठी ऑयलरचीच संख्या कामी आली. कोणतीही संख्या घ्या, १६,८०७ ने गुणा, या मूळ संख्येने भागा, बाकी ठेवा, पुन्हा तेच करा. १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याखेरीज कोणतीच दुसऱ्यांदा येत नाही. भाजक मूळ नसता तर हे जमले नसते.

वडिलांना मी हे सांगितले. ते हसले; पटले की नाही, कोण जाणे! मुलीने मात्र लगेच विचारले, "सर, तेविसाव्या घाताचे काय?" मी म्हटले, "साचा तुला ठाऊक आहे." ८३,८८,६०७ ला तिने पहिलाच भाजक लावला ४७, आणि भाग गेला.