गर्भारपणातील यकृतविकार आणि गर्भस्थ बालक

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



गर्भारपणातील आजार म्हटले की रक्तदाब, मधुमेह व पंडुरोग ही नावे चटकन आठवतात. यकृताचे नाव सहसा कोणी घेत नाही. म्हणून आज आम्ही अगदी साध्या वाटणाऱ्या एका लक्षणाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ते लक्षण म्हणजे खाज.

सातव्या-आठव्या महिन्यात पोटाची त्वचा ताणली जाऊन खाज सुटते, हे खरे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया खोबरेल तेल लावावयास सांगतात व बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. परंतु खाज तळहात-तळपायांना सुटत असेल, रात्री वाढत असेल आणि अंगावर पुरळ नसेल, तर तिचे मूळ यकृतात असू शकते. पित्ताचा निचरा मंदावतो व पित्तातील आम्ले रक्तात साठतात. डोळे पिवळे होतातच असे नाही.

मातेची खाज प्रसूतीनंतर थांबते. धोका असतो तो बाळाला. ही आम्ले वारेतून त्याच्यापर्यंत पोहोचतात. प्रसूती अकाली होऊ शकते आणि क्वचित बाळ पोटातच अचानक दगावते. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, आम्लांचे प्रमाण लिटरमागे ४० मायक्रोमोलपेक्षा कमी असता मृत बालक जन्मण्याचे प्रमाण हजारी सुमारे एक होते. १०० वा त्याहून अधिक असता ते शेकडा तीनहून अधिक आढळले. सोनोग्राफी व ठोक्यांचा आलेख चांगला आला तरी या मृत्यूची पूर्वसूचना मिळेलच, असे नाही. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. परंतु त्याच वर्षीच्या ब्रिटनमधील चाचणीत बाळाच्या दृष्टीने त्यांचा लाभ दिसला नाही. हाती उरते ती प्रसूतीची योग्य वेळ. प्रमाण १०० वर गेल्यास ती ३६व्या आठवड्याच्या सुमारास करणे इष्ट ठरते.

प्रत्यक्ष कावीळ दिसली तर मात्र एक दिवसही दवडू नये. दूषित पाण्यातून होणारा हिपॅटायटिस ई इतरांत बहुधा आपोआप बरा होतो. शेवटच्या तिमाहीतील स्त्रियांत मात्र मृत्यूचे प्रमाण शेकडा २० ते २५ पर्यंत जाऊ शकते. कावीळ 'उतरवून' घेण्यात गेलेले दोन-तीन दिवस तिला व बाळाला फार महाग पडतात. उलट्या, बरगडीखालची वेदना व तीव्र डोकेदुखी असेल तर प्रश्न काही तासांचाच असतो.

पित्ताम्लांची चाचणी यकृताच्या नेहमीच्या तपासणीत समाविष्ट नसते. ती वेगळी सांगावी लागते. पहिला अहवाल निर्दोष आला तरी खाज चालू असल्यास ती पुन्हा करावी लागते आणि दुसऱ्या वेळी पैशांअभावी कुटुंबे मागे सरतात. हा दुसऱ्या चाचणीचा खर्च रुग्णसाहाय्य निधीतून भागवावा, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे.