सीमाभागाचा आमदार कशाने मोजावा?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आमदारकीला जो अर्थ आहे, तो बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. इतरत्र मतदार रस्ता, पाणी, पक्ष, उमेदवार पाहून मत देतो. इथे 1957 च्या निवडणुकीपासून महाराष्ट्र एकीकरण समितीला पडलेले मत सीमाभागाचा कौल म्हणून मोजले गेले. 1946 च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, तेच बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. त्यामुळे समितीचा आमदार बेंगळूरला जायचा तो मुळात एवढेच सांगायला, की आम्हाला इथे राहायचे नाही. त्या काळी हे योग्यच होते. लोकांची इच्छा दाखवायला मतपेटीशिवाय दुसरे सनदशीर साधन कुठले होते? साठच्या दशकात बेळगावचे प्रतिनिधित्व करणारे बा. रं. सुंठणकर हे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास लिहिणारे व्यासंगी संशोधक. अशी माणसे या कौलासाठी उभी राहिली, यावरूनच त्या मताचे वजन कळते. पण या एकाच मापाने मोजले, तर समितीचा प्रत्येक आमदार अपयशी ठरतो आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. राज्याची सीमा बदलणे संसदेच्या हाती असते. 1966 मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केले, महाजन आयोग नेमला गेला. 1967 च्या अहवालाने निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला देऊ केले, बेळगाव मात्र दिले नाही. तो अहवाल महाराष्ट्राने नाकारला. 2004 पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. यातले काहीही आमदाराच्या हातात नव्हते. मग त्याच्या हातात काय होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला वेल्समधल्या ग्विन्फर इव्हान्स यांची कारकीर्द महत्त्वाची वाटते. ब्रिटनच्या पश्चिमेचा हा छोटा प्रदेश, त्याची स्वतःची भाषा, आणि त्या काळी कारभार सगळा इंग्रजीतून. इव्हान्स 1945 मध्ये प्लाइड कम्री या वेल्श पक्षाचे अध्यक्ष झाले आणि 1981 पर्यंत त्या पदावर राहिले. 14 जुलै 1966 रोजी कार्मार्थनच्या पोटनिवडणुकीत ते विजयी झाले. ब्रिटिश संसदेच्या 630 सदस्यांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे ते एकटेच. 1970 मध्ये हरले. फेब्रुवारी 1974 मध्ये अवघ्या तीन मतांनी हरले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिंकले, 1979 मध्ये पुन्हा हरले. केवळ जागा मोजल्या तर ही पराभवांची मालिकाच. पण या एकट्या माणसाने सभागृहात प्रश्नांचा भडिमार केला. वेल्समध्ये रोजगार किती, रस्त्यांवर खर्च किती, वेल्श भाषेला स्थान काय, असे विचारून सरकारकडून लेखी उत्तरे घेतली आणि ती पुस्तिकांच्या रूपाने लोकांपुढे आली. वेल्श दूरचित्रवाहिनीचे निवडणुकीतले आश्वासन सरकारने मोडले, तेव्हा 1980 मध्ये, खासदारकी गेलेली असताना, त्यांनी आमरण उपोषण जाहीर केले. उपोषण सुरू होण्याआधीच सरकारने माघार घेतली. 1 नोव्हेंबर 1982 रोजी ती वाहिनी सुरू झाली. स्वायत्त वेल्सचे अंतिम ध्येय त्यांनी कधी सोडले नाही. मात्र ते ध्येय पदरात पडेपर्यंत मतदाराचे रोजचे प्रश्न थांबवून ठेवले नाहीत.

सीमाभागाच्या प्रतिनिधीसाठी असे काम तयारच आहे. 1956 मध्ये राज्यपुनर्रचना होताना केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे निवेदन काढले. राज्यात अल्पसंख्याक 30 टक्के किंवा अधिक असतील, तर ते राज्य कारभारासाठी द्विभाषिक मानावे आणि हेच तत्त्व जिल्ह्यालाही लावावे; जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत ते 15 ते 20 टक्के असतील, तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे त्यात आहे. घटनेच्या 350 अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. जमिनीचा उतारा, घरपट्टीची नोटीस, मराठी शाळेतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा यांपैकी प्रत्येक विषय सभागृहात लेखी प्रश्न होऊ शकतो, आणि मिळालेले उत्तर, नकारार्थी असले तरी, पुढच्या लढ्याचा पुरावा होते. निपाणीने याचा दुसरा धडा दिला आहे. 1981 च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे–बेंगळूर महामार्ग रोखला. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि 12 शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या आंदोलनातले प्रा. सुभाष जोशी पुढे निपाणीचे आमदार झाले. तंबाखूचा भाव हा भाषेचा प्रश्न नव्हता, पण तो मांडणाऱ्याला त्या मराठी मुलखाने आपले मानले.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की कर्नाटकाकडे सवलती मागणे म्हणजे कर्नाटकात राहणे मान्य करणे. हा आक्षेप निष्ठेतून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयातला दावा महाराष्ट्र राज्याने घटनेच्या 131 व्या कलमाखाली केला आहे. एखाद्या शेतकऱ्याने आपला उतारा मराठीत मागितल्याने तो दावा कमजोर होत नाही. उलट, लोक आपल्या भाषेसाठी हक्क बजावतात, हे त्यातून सिद्ध होते. 1986 मध्ये कानडीसक्तीविरुद्ध सीमाभाग पेटून उठला, तो लढा कर्नाटकाच्या शाळांतल्या आणि कचेऱ्यांतल्या धोरणाविरुद्धच होता; त्याने सीमाप्रश्नाची मागणी तसूभरही मागे गेली नाही. दुसरा आक्षेप, 224 जणांच्या सभागृहात दोन-चार आमदार काय करणार? 630 जणांत एकट्याने काय केले, ते आपण पाहिले. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लंडनने वेल्स आपला मानला, वाहिनीचे आश्वासन तिथल्या मोठ्या पक्षांनीच दिले होते. इथे 2005 मध्ये बेळगावच्या मराठी महापौरांच्या तोंडाला बेंगळूरमध्ये काळे फासले गेले, महापालिका बरखास्त झाली. पुढे विधानसभेची अधिवेशने बेळगावात भरू लागली, 2012 मध्ये सुवर्ण विधानसौध उभे राहिले. वैरभाव इथे खरोखर अधिक आहे. पण म्हणूनच नोंदवलेला प्रश्न आणि लेखी उत्तर यांची गरज इथे अधिक आहे. सभेतली घोषणा विरून जाते, सभागृहाची नोंद विरत नाही.

आज ही नोंद करणारा कोणीच नाही. 2013 मध्ये समितीचे दोन आमदार होते. 2018 आणि 2023 मध्ये एकही नाही. मते संपली, असे मात्र म्हणता येत नाही. 2021 च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला 1 लाख 17 हजारांहून अधिक मते मिळाली, आणि भाजप-काँग्रेसमधला फरक होता सुमारे सव्वापाच हजारांचा. एवढी मते हाताशी असताना 2018 मध्ये गटागटांचे उमेदवार एकमेकांसमोर उभे ठाकले. प्रत्येक गट सीमाप्रश्नावरची आपली निष्ठाच दुसऱ्यापेक्षा खरी, असे सांगत होता. निष्ठा एवढेच माप असले की असेच होते, कारण ती मोजता येत नाही. केलेले काम मोजता येते. पुढच्या विधानसभा निवडणुकीत उमेदवार दारी येतील, तेव्हा श्रोतेहो, सीमाप्रश्नाबद्दल त्यांना जरूर विचारा, आणि त्याच्याच जोडीने हेही विचारा, की सभागृहात गेल्यावर तुम्ही पहिले दहा प्रश्न कोणते मांडणार आहात. ज्याला ते सांगता येतील, त्याच्यामागे सगळ्या गटांनी एकजुटीने उभे राहावे.