दीपनगरच्या चिमणीपासून बारीपाड्याच्या रानापर्यंत



भुसावळ जवळ आलं की दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. कोळशाच्या वाघिणी सावकाश आत जातात आणि तारांवरून वीज बाहेर पडते. हवेत जाणाऱ्या कार्बनचा हिशोब हा दूरच्या परिषदांमधला विषय आहे असं अनेकांना वाटतं. जळगावच्या माणसाला मात्र तो डोळ्यांसमोर दिसतो. आपल्या देशात घरी येणाऱ्या विजेच्या दर युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एवढा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचं गणित घरबसल्या मांडता येतं.

खान्देशात हे गणित उन्हाळ्यापासूनच सुरू करावं लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कधी त्याच्याही पुढे. नव्या वसाहतींत आता खिडकीखिडकीला एसी दिसतो. दीड टनाच्या एसीला तासाला एक युनिट तरी लागतं, कूलरचं काम साधारण त्याच्या पाचव्या हिश्शात भागतं. रात्रीचे आठ तास धरले तर एसीमागे साडेपाच किलो कार्बन डायऑक्साइड, कूलरमागे किलोभर. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत एकेका खोलीमागे चार क्विंटलचा फरक पडतो.

मुंबईत किंवा कोकणात ही तुलना चालणार नाही. दमट हवेत कूलर नुसता चिकचिकाट वाढवतो. खान्देशची हवा कोरडी. ती जाळीतलं पाणी भराभर पिते आणि गार होऊन आत येते. पण कूलरकडे बघावं लागतं. बोअरच्या जड पाण्याचे क्षार जाळीतल्या गवतावर साचतात, त्यांच्या पांढऱ्या पापड्या धरतात, हवा अडते. पंखा घरघरत राहतो, खोली तापलेलीच राहते, आणि घरात ठरतं की आता एसीच घ्यायचा. होळीच्या सुमाराला गवत बदललं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जाळी पुन्हा धुतली आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली, तर तोच कूलर मे महिना काढून देतो. ओल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी, हे फार जण विसरतात.

जुन्या धाब्याच्या घरांना एवढंही लागत नसे. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि त्यावर खारी मातीचा थर. दुपारचं ऊन आत झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची. तसं घर आज बांधणं बहुतेकांना परवडणार नाही. पण सिमेंटच्या स्लॅबला चुन्याचा पांढरा हात कोणीही देऊ शकतं, आणि खालची खोली त्याने खरोखर निवते.

त्याच स्लॅबवर उन्हाळ्यात बिबडे वाळतात. पहाटे चुलीवर ज्वारीचा तिखट घाटा शिजतो, गरम असतानाच बायका पाण्याचा हात घेऊन ओल्या कापडावर तो थापतात, आणि बिबडे वर्षभर टिकतील इतके कडक होतात. वाळवणाला विजेचा एक कणही लागत नाही. याच उन्हात १ किलोवॉटचं सौर पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देतं. वर्षाला टनभर कार्बन डायऑक्साइड वाचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटसाठी ७८ हजार रुपये अनुदान ठेवलं गेलं. स्वतःची गच्ची असलेल्या घराने याची चौकशी तरी करावीच.

पाण्याचा हिशोब याहून मोठा आहे, आणि त्याबद्दल बोललं जातं फार कमी. ३०० फुटांवरून हजार लिटर पाणी वर आणायला निम्मं युनिट सहज जातं. टाकी भरून पाणी गल्लीत वाहतं तेव्हा कोळसाही वाहत असतो. टाकीतला साधा फ्लोट स्विच हे थांबवतो. शेतात हाच हिशोब कितीतरी पट वाढतो. केळीला ठिबक दिलं की पाणी वाचतं, हे जळगावच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. पाण्याबरोबर पंपाचे तासही वाचतात, ते मात्र सांगावं लागतं.

शिरपूर तालुक्यात भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले खोल-रुंद करून त्यांवर सिमेंटचे बंधारे घातले, विहिरींना पाणी चढलं. पाणी ३०० फुटांवरून १०० फुटांवर आलं तर तेवढ्याच पाण्याला तिसऱ्या हिश्शाची वीज पुरते. आणि पांझरेच्या काठी तर शेकडो वर्षांपूर्वीच फड पद्धत बसली होती: नदीवर बंधारा, तिथून पाट, पाणी उताराने आपोआप शेतात, आणि ते वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. त्या पाण्याला पंप लागलाच नाही.

भुसावळ-जळगाव अपडाऊन करणाऱ्यांबद्दल थोडंसंच. रोज ५० किलोमीटर मोटारसायकल म्हणजे जवळपास लिटरभर पेट्रोल, आणि एका लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. रेल्वेचा पास काढला की यातला बराच भार उतरतो, पैसेही वाचतात.

कापूस निघाला की बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पेटतात. जळगावच्या भरताची वांगी त्यांच्यावरच भाजावीत, तेवढ्या पऱ्हाट्या राखून ठेवाव्यात. बाकीच्यांचा भुगा करून कुजवला तर तो जमिनीत जिरतो. नाहीतर मातीत राहू शकणारा कार्बन धूर होऊन उडून जातो.

मातीत आणि झाडांत कार्बन धरून ठेवणं म्हणजे काय, हे बघायचं असेल तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जावं. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी १९९० च्या दशकात उजाड झालेलं जंगल राखायला घेतलं. कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवले, पाळीने राखण केली. चारशेहून अधिक हेक्टर रान पुन्हा उभं राहिलं, झरे टिकू लागले. २०२५ साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. गावात वनभाजी महोत्सव भरतो. त्यात बायका रानातून खुडून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात, आणि त्यांतली एकही भाजी पंपाच्या पाण्यावर किंवा युरियावर वाढलेली नसते.