झडपांची वेळ आणि इंजिनाचा जोर

मोटार विकत घेताना आपण तिच्या इंजिनाचा आकार, तिची अश्वशक्ती आणि तिला लागणारे पेट्रोल यांची चौकशी कसोशीने करतो. परंतु सारख्याच आकाराच्या दोन इंजिनांपैकी एक भरलेली गाडी मंद गतीतही विनातक्रार घाट चढवते आणि दुसरे मात्र पुरते वेगात आल्याखेरीज आपला जोर प्रकट करीत नाही, हा फरक ज्या एका फिरत्या दांड्यामुळे बव्हंशी पडतो, त्या कॅमशाफ्टची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती आज आपण करणार आहोत.

निकोलाउस ओटो याने 1876 साली जर्मनीत जे चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले, त्याच क्रमावर आजची पेट्रोल-इंजिने चालतात: पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, ते पेटून पिस्टन खाली ढकलला जाणे आणि जळलेला वायू बाहेर टाकणे. या चार टप्प्यांत, पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि प्रत्येक झडप एकदाच उघडते. म्हणून क्रँकशाफ्टला चेनने वा पट्ट्याने जोडलेला कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या गतीने फिरतो, आणि त्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे कॅम, झडपांना उघडण्याचा व मिटण्याचा हुकूम देत राहतात.

पिस्टन वरच्या टोकाला असताना मिश्रण आत घेणारी, म्हणजे आतली, झडप उघडावी आणि तो तळाला पोहोचताच ती मिटावी, असे प्रथमदर्शनी वाटते. पण वायूलाही वजन आहे, आणि एकदा गती मिळाल्यावर तो एकाएकी थांबत नाही. मिनिटाला 6000 फेऱ्यांवर पिस्टनला वरून खाली येण्यास एका सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो. एवढ्या अवकाशात वेगाने आत शिरणारा वायूचा प्रवाह पिस्टन तळ गाठून परत वर निघाला तरी स्वतःच्या आवेगाने सिलिंडर भरीतच असतो. पाटाच्या पाण्याचे दारे धरणारा शेतकरी वाफा काठोकाठ भरण्याची वाट न पाहता, वाहत्या पाण्याचा उरलेला ओघ हिशेबात घेऊनच दार मोडतो. झडपेच्या मिटण्याची वेळ ठरवणाऱ्या अभियंत्यालाही नेमका हाच हिशेब करावा लागतो, फक्त त्याला तो क्रँकशाफ्टच्या फेऱ्याच्या अंशांत करावा लागतो. मात्र इंजिन मंद फिरत असता प्रवाहाला असा आवेग नसतो, आणि झडप उशिरापर्यंत उघडी राहिली, तर आत आलेले मिश्रण वर येणारा पिस्टन आल्या वाटेने परत लोटतो. म्हणजे मिटण्याची जी वेळ वेगाला मानवते ती मंद चालीला बाधते, आणि जी मंद चालीला मानवते ती वेगाची कोंडी करते.

उदाहरणादाखल इंग्लंडची मिनी घेऊ. अलेक इस्सिगोनिस यांनी रचलेली ही लहानशी गाडी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने 1959 साली बाजारात आणली. तिच्यातील 848 घनसेंटिमीटरचे ए मालिकेचे इंजिन 5500 फेऱ्यांवर 34 अश्वशक्ती देई आणि त्याची सर्वाधिक पीळशक्ती, म्हणजे टॉर्क, 2900 फेऱ्यांवर मिळे. आपल्या परिचयाच्या अँबॅसडरचे 1489 घनसेंटिमीटरचे इंजिन याच कंपनीच्या बी मालिकेतले. मिनीच्या या इंजिनाची आतली झडप पिस्टन वर पोहोचण्याच्या 5 अंश आधी उघडे आणि तळ ओलांडल्यावर 45 अंशांनी मिटे. जळलेला वायू सोडणारी बाहेरची झडप तळाच्या 40 अंश आधी उघडे आणि वरचे टोक ओलांडल्यावर 10 अंशांनी मिटे.

आता कॅमशाफ्ट तोच ठेवून त्याला क्रँकशाफ्टच्या मानाने 4 अंश पुढे, गॅरेजच्या भाषेत ॲडव्हान्स, बसवला तर काय होईल? आतली झडप 9 अंश आधी उघडेल आणि 45 ऐवजी 41 अंशांवर मिटेल. दोन्ही झडपांचे कॅम एकाच दांड्यावर कोरलेले असल्यामुळे बाहेरची झडपही 44 अंश आधी उघडून 6 अंशांवर मिटेल. 6000 फेऱ्यांवर हे 4 अंश म्हणजे एका सेकंदाचा नऊहजारावा भाग. तरीही त्याचा परिणाम चालवणाऱ्याच्या पायाला जाणवतो. मंद गतीत मिश्रण परत लोटले जाणे कमी होते, दाब वाढतो, आणि गाडीला खालच्या फेऱ्यांत पिकअप येतो. मोबदल्यात वरच्या फेऱ्यांतली अश्वशक्ती थोडी घटते. 4 अंश मागे, म्हणजे रिटार्ड, बसवला तर नेमके उलट घडते. या फेरफाराने इंजिनाचा जोर प्रामुख्याने एका गतीकडून दुसऱ्या गतीकडे वर्ग होतो. दोन्हीकडे एकदम वाढ मागण्याची मुभा तो देत नाही.

हे काम करण्याची रीतही सांगण्याजोगी आहे. क्रँकशाफ्टच्या टोकाला 360 अंशांची तबकडी बसवून पिस्टनचे वरचे टोक प्रथम अचूक ठरवतात. मग कॅमची हालचाल आतल्या झडपेकडे नेणाऱ्या पुशरॉडवर डायल गेज टेकवून, झडप पुरती उघडण्याच्या अलीकडे आणि पलीकडे गेजचा काटा एकाच आकड्यावर येतो, ती दोन्ही स्थाने तबकडीवर वाचतात. समजा, ती वरच्या टोकापासून 74 आणि 146 अंशांवर आली. तर त्यांची सरासरी 110 हा कॅमचा मध्य झाला, आणि मिनीच्या वर दिलेल्या आकड्यांवरून निघणारा मध्यही तोच आहे. तो बदलायचा असेल, तर चेनच्या चाकाला दांड्यावर अडकवून ठेवणारी लहानशी अर्धचंद्राकृती चावी काढून तिच्या जागी हव्या तितक्या अंशांनी तिरकी घडवलेली चावी घालतात. चेन एक दाता सरकवून हे भागत नाही, कारण क्रँकशाफ्टच्या चाकाला 20 दाते असले तर एका दात्याने तब्बल 18 अंशांचा फरक पडतो.

इथे दोन गोष्टींचा बंदोबस्त आधी करावा लागतो. पहिली, चेन झिजून लांबली की कॅमशाफ्ट आपोआप मागे पडतो. जुन्या गाडीचा पिकअप गेल्याची जी कैफियत ऐकू येते, तिचे एक मूळ येथे असू शकते, आणि तेव्हा तिरकी चावी घालण्यापेक्षा नवी चेन घालणे हाच खरा इलाज असतो. दुसरी, कॅमशाफ्ट पुढे बसवला की आतली झडप पिस्टनच्या जवळ येते, मागे बसवला की बाहेरची येते. झडप आणि पिस्टन यांमधले अंतर न मोजता इंजिन सुरू केले, तर काही इंजिनांत झडप वाकून सिलिंडर-हेड उतरवण्याची पाळी येते.

वेळ सरकवणे निराळे आणि वेळ लांबवणे निराळे, हेही ध्यानात ठेवावे. 1961 साली आलेल्या 997 घनसेंटिमीटरच्या मिनी कूपरमध्ये आतली झडप 16 अंश आधी उघडून 56 अंशांवर मिटे. मध्य तोच, 110 अंशांचा, पण झडप उघडी राहण्याची मुदत 230 वरून 252 अंशांवर गेली होती. वाढीव आकार, जोड कार्ब्युरेटर आणि सुधारलेले हेड यांची साथ मिळून अश्वशक्ती 6000 फेऱ्यांवर 55 झाली, आणि सर्वाधिक टॉर्क मिळण्याची गती वर सरकून 3600 फेऱ्यांवर गेली.

चालत्या इंजिनातच ही वेळ बदलण्याची तजवीज अल्फा रोमिओने 1980 साली आपल्या स्पायडर गाडीत प्रथम विक्रीस आणली. तिच्यात आतल्या झडपांचा कॅमशाफ्ट स्वतंत्र असल्यामुळे तेवढाच फिरवता येई. 1989 साली होंडाने इंटिग्रा या गाडीत मंद गतीसाठी एक आणि वेगासाठी दुसरा असे कॅम एकाच दांड्यावर ठेवून 1.6 लिटरच्या इंजिनातून 160 अश्वशक्ती काढली. आज साध्या कौटुंबिक गाडीतही तेलाच्या दाबावर कॅमशाफ्ट मागेपुढे फिरवणारी यंत्रणा असते, आणि जी निवड पूर्वी कारागीर एकदाच कायमची करून ठेवी, ती आता संगणक क्षणाक्षणाला करतो.

तथापि, चेनवर चालणारी जुनी इंजिने ज्यांनी ममतेने सांभाळली आहेत, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. आपली गाडी बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालते, हे आधी पाहा. तिला गावातून, चढावरून आणि माणसे भरून जायचे असेल, तर शर्यतीच्या गाडीचे आकडे तिच्या माथी मारू नका. चेन तपासा, तबकडी लावा, मोजलेले अंश कागदावर टिपून ठेवा, आणि मगच पान्याला हात घाला.